तुटकी मोरी, उरलेला कापूस

आमच्या मारेगावात पाहुणा आला आणि "इथं पाहण्यासारखं काय आहे?" असं त्यानं विचारलं, की आम्ही त्याला वणीला नेतो. वणीचे लोक आपला पाहुणा चंद्रपूरला नेतात. चंद्रपूरवाल्यांकडे वाघ आहेत, त्यांचं बरं आहे. पाहुण्याला दाखवायचं ते दुसऱ्याचं गाव, अशी इकडची रीतच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्यानं मलाही "चल, तुला गाव दाखवतो" म्हणत वणीच्याच गाडीत बसवलं होतं.

अशा या गावात आता एक दगड आहे. लोक त्याच्यापुढे नारळ फोडतात, नवस बोलतात. त्या दगडाचं मूळ चीन देशात आहे असं मी सांगायला गेले, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग कीव आल्यासारखा माझ्या नवऱ्याकडे. पण ते खरं आहे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि बरंचसं माझ्या मनाविरुद्ध झालं.

माझ्या मुलीचा इथं डॉक्टरकीला नंबर लागला नाही, चीनमध्ये लागला. शहराचं नाव हांगझोऊ. आमच्या घरी ते नाव प्रत्येकानं आपापल्या सोयीनं घेतलं. शेजारच्या काकू तर सरळ हाँगकाँगच म्हणतात आणि तिथून येताना पोरीला घड्याळ आणायला सांग म्हणून मागे लागतात. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते या पाठवणीच्या साफ विरोधात होते. "पोरीले शिकाले पाठवा, नाही कोण म्हणते? पण पायी वापस येता येईन इतक्या दूर पाठवा," असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. मी तहसील कचेरीत कारकून आहे. लोकांना "उद्या या" म्हणण्यात माझी हयात चालली आहे. माझ्या मुलीनं समोर आलेल्या माणसाला "या, बसा, काय होतंय?" असं विचारावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी मी घरातल्या सगळ्यांशी भांडले.

पोरगी गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मम्मी, आज भाजी कोणती केली?" मी सांगायची. मग ती तिखट किती घातलं, तेल किती घातलं, विचारत बसायची. त्या विचारण्याचा अर्थ मला कळत होता, पण मी तो कळून घेत नव्हते. दिवाळीच्या आसपास एक दिवस भाजीचं विचारलंच नाही तिनं.

"मम्मी, मी वापस येऊन राह्यली."

"कायले?"

"मले नाही राहाचं इथं. नाही म्हणजे नाही."

मी भडकले. वर्ष वाया जाईल, लोक काय म्हणतील, तुझ्यासाठी मी काय काय केलं, आईच्या तोंडात जे जे येतं ते सगळं एका दमात बोलून घेतलं. तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज यायला लागला. माझे यजमान कृषी केंद्र चालवतात. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार घेऊन शेतकरी आला की ते जे म्हणतात, तेच आताही म्हणाले, "पाहू." मामाजी खाटेवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला. मला वाटलं, आता हे म्हणतील "मी सांगतलं होतं" आणि पोरगी उद्या विमानात बसेल.

मामाजींनी विचारलं, "काय वं माय, त्या गावात पाहाले काय काय हाये?"

पोरगी म्हणाली, "मले नाही मालूम, आबाजी. मी हॉस्टेलातून कॉलेजात जातो न् कॉलेजातून हॉस्टेलात."

मामाजी हादरले. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी रस्त्यावर गेली, रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड बसवून घेण्यात आणि रंगवून घेण्यात. एखाद्या गावात राहायचं आणि ते गाव पाहायचं नाही, हे त्यांच्या मते पंगतीला जाऊन उपाशी उठण्यासारखं होतं. "उद्या विचारून ठेवजो," ते म्हणाले. "रडणं कुठी पळून नाही जात."

दुसऱ्या दिवशी पोरीनं माहिती काढली, बहुतेक आजोबांनी विचारलं म्हणून, नाहीतर मला टाळायला. त्या शहरात एक मोठं तळं आहे, आणि त्या तळ्याकाठचे पाहण्यासारखे देखावे दहा. हे दहा कोणी आता नेमले नाहीत. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या चित्रकारांनी ठरवले आणि प्रत्येकाला चार अक्षरी नाव दिलं. तुटका पूल, उरलेला बर्फ. जुळी शिखरं, ढगांत शिरलेली. पुढे एक बादशहा आला, त्यानं दहाही नावं स्वतःच्या हातानं लिहून दिली, आणि प्रत्येक ठिकाणी ती दगडावर कोरून तो दगड उभा केला.

"दगड उभा केला?" मामाजी खाटेवरून उठले. "बादशहानं?"

तिथून पुढे त्या बादशहाविषयी त्यांना भाऊबंदासारखी आपुलकी वाटायला लागली.

मग त्यांनी नातीशी सौदा केला. "दहाही देखावे सोताच्या डोळ्यानं पाह्य. एकेक मले सांग. दहा पुरे झाले आन् तरी तुले यावं वाटलं, तं बिनधास्त ये. तुह्या बापाले मी तिकीट काढाले लावतो. तुही माय मधात बोलणार नाही."

तुही माय त्याच खोलीत उभी होती. फोन ठेवल्यावर मी मामाजींना म्हटलं, "तुम्ही तर तिच्या हातात तिकीटच देऊन ठेवलं." ते म्हणाले, "सूनबाई, दार उघडं असलं की माणूस घरात बसते. कडी लावली की खिडकीतून उडी मारते." मला हे पटलं नाही. मला तेव्हा काहीच पटत नव्हतं.

पोरीनं पहिला फोटो पाठवला तो तुटक्या पुलाचा. दगडी कमानीचा पूल, त्यावर बर्फ पडलेला, खाली काळं पाणी. मामाजींनी चष्मा वर-खाली करून पाहिला. "तुटला कुठी?"

"तुटला नाही, आबाजी. नुसतं नाव हाये. काहून पडलं ते इथं भी कोणाले पक्कं मालूम नाही."

"अस्सं? म्हणजे साबूत पुलाले तुटका म्हणून त्याहीनं जगात नाव कमावलं. आन् आपली मोरी खरीखुरी तुटून राह्यली तं कोणी कुत्रं विचारत नाही."

आमच्या गावाबाहेर नाल्यावर एक मोरी आहे, म्हणजे लहानसा पूल. तिचा एका बाजूचा कठडा कापसाच्या गाडीनं नेला होता. तो बांधून द्यावा असा अर्ज मामाजींनी स्वतःच्याच जुन्या खात्याला केला होता. दिवाळीनंतर जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या त्या मोरीवर हमखास हादरतात, मागच्या कापसाचे पुंजके उडतात आणि उरलेल्या कठड्यावर, बाभळीच्या काट्यांवर, सगळीकडे पांढरं होऊन जातं. मामाजी सकाळी फिरायला गेले आणि तिथंच थांबले. घरी आले ते नाव घेऊनच. तुटकी मोरी, उरलेला कापूस. चार शब्द, चिन्यांसारखे.

बस, तिथून आमच्या घरात दोन देशांची चढाओढ सुरू झाली. पोरीनं लिहिलं, इथं वाऱ्यावर डुलणारी कमळं हा एक देखावा आहे. मामाजींनी गावतळ्याचा फोटो पाठवला. आमच्या तळ्यात कमळं नाहीत, बेशरमीची झाडं आहेत, पण तिची जांभळी फुलं वाऱ्यावर डुलतात, आणि कमळाला जितकं जपावं लागतं तितकंच हिला उपटावं लागतं. पोरीनं कळवलं, इथं तळ्यात तीन दगडी दिवे आहेत, चांदण्या रात्री त्यांच्यामुळे पाण्यात चंद्रच चंद्र दिसतात. वणी रोडवर कोळशाच्या ट्रकांनी पाडलेले तीन खड्डे आहेत, आणि नळाची पाइपलाइन तिथंच फुटलेली असल्यानं ते बारमाही भरलेले. मामाजींनी पुनवेच्या संध्याकाळी तिन्हींतले तीन चंद्र एका फोटोत पकडले. त्या नादात चौथ्या खड्ड्यात त्यांची चप्पल गेली.

त्यांना सगळ्यात आवडला तो मनोरा. मावळतीच्या उन्हातला मनोरा, असा एक देखावा तिकडे आहे. त्या मनोऱ्याची वीट घरात ठेवली तर भलं होतं असं लोकांना वाटायचं, म्हणून येणारा-जाणारा एकेक वीट काढून न्यायचा, आणि एक दिवस मनोराच बसला. तरीही देखावा यादीतून कोणी काढला नाही. मनोरा नसलेल्या मनोऱ्याचा देखावा लोक कित्येक वर्षं पाहत राहिले. मग अलीकडे नवा बांधला, त्याला सरकता जिना लावला. मामाजी हसून हसून खोकायला लागले. "आपलेच लोकं हायेत हे! नुसते डोळे बारीक." आमच्याकडून मावळतीच्या उन्हातला मोबाइल टॉवर गेला.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामाजी कसले? बादशहानं दगड लावले, मग आपणही एक लावायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं. खात्याच्या आवारात जुने किलोमीटरचे दगड पडलेले असतात. त्यातला एक जुन्या ओळखीवर त्यांनी मिळवला, मोरीजवळ पुरून घेतला आणि गावातल्या पेंटरला बोलावलं. पेंटर हनुमानाच्या देवळाचं काम करून आला होता. त्याच्याकडे उरलेला रंग एकच, शेंदरी. मामाजी घाईत होते, म्हणाले, "चालते." पेंटरनं आधी सगळा दगड शेंदरी केला, आणि मग अक्षरं कोणत्या रंगानं काढायची हा प्रश्न पडला, तेव्हा "उद्या पांढरा घेऊन येतो" म्हणून तो गेला.

आता, आमच्या भागात रस्त्याच्या कडेला रिकामा शेंदरी दगड उभा करून रात्रभर सोडणं म्हणजे काय, हे मामाजींना कळायला हवं होतं. सकाळी पेंटर डबा घेऊन पोचला तर दगडाला हार, पुढे उदबत्ती आणि फुटलेला नारळ. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, आणि अक्षरं काढायला साफ नकार दिला. "देवावर पाय देऊन लिहू काय, काका?" शेवटी मामाजींनी स्वतः ब्रश घेतला आणि चार शब्द लिहिले. काही फरक पडला नाही. कापूस वेचून येणाऱ्या बाया थांबायच्या, पाया पडायच्या. मामाजी धावत जायचे. "हा देव नाही वं बायांनो! देखावा हाये!"

एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना शांतपणे विचारलं, "कोणाचा देखावा? देवाचाच ना?"

मामाजी घरी येऊन दोन भाकरी कमी जेवले.

या सगळ्या धामधुमीत मला एक दिवस पोरीचे सगळे फोटो एकापाठोपाठ एक पाहायचं सुचलं. एका आठवड्यात बर्फ. त्याच्या पुढच्या आठवड्यात टवटवीत फुललेली कमळं. आणि बर्फाच्या दिवशी ती स्वतः फोनवर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, मागे पंखा फिरतोय. मी तहसीलातली बाई आहे. खोटा दाखला मला वासावरून कळतो. पोरगी खोलीतून हललीच नव्हती. दुसऱ्यांनी काढलेले फोटो आम्हाला पाठवून दहाची भरती करत होती, की झालं तिकीट.

मी फोन उचलला तर मामाजींनी माझ्या हातातून घेतला. "मले पह्यल्या दिवशीच मालूम झालं."

"मग चूप काहून बसले?" रागात मी पण त्यांच्यासारखीच बोलायला लागते.

त्यांनी फोन उशाखाली ठेवला. संध्याकाळी पोरीचा फोन आला तेव्हा अगदी सहज म्हणाले, "माय, त्या तुटक्या पुलाजवळच्या दगडाच्या मागे काय लिहिलं हाये?"

"मागे? मागे कोण पाहते, आबाजी?"

"मी पाहतो. सगळी नोकरी मागूनच पाह्यले दगड. ठेकेदार समोरून रंग मारे न् मागं कोरं सोडून दे. जाऊन पाह्य न् सांग."

मागच्या बाजूचा फोटो तिला कुठं सापडला नसावा. चार दिवस ती या प्रश्नाला बगल देत राहिली. आणि मग एका रविवारी दुपारी फोन आला, तो वाऱ्याच्या आवाजासकट. मागे माणसांची गर्दी, तिचे केस तोंडावर आलेले, नाक लाल. एक म्हातारा मोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होता, तो कोरलेलं वाचून सांगायला तिच्या मदतीला आलेला. "आबाजी, मागे कविता हाये! समोरचं अक्षर बादशहाचं न् मागची कविता त्याच्या नातवाची. नातू भी मोठा होऊन बादशहा झाला, तं त्यानं आज्याच्या दगडामागे लिहून टाकली!" आणि ती हसली. निघून गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकरची शिटी काढली आणि परत लावली.

मामाजी तिला म्हणाले, "आपल्या दगडाची मागची बाजू मी कोरी ठेवतो. तुह्यासाठी."

आधीचे खोटे फोटो गुपचूप रद्द झाले. ती नव्यानं सगळं पाहायला लागली. पण तुटक्या पुलावरचा बर्फ पाहायचा तर बर्फ पडायला हवा, आणि तो तिथं दरवर्षी पडेलच असं नाही. तिथली माणसंसुद्धा त्याची वाट पाहतात, पडला की सगळं शहर पुलावर धावतं. त्या हिवाळ्यात थंडी वाढत चालली तशी माझी झोप उडाली. बर्फ पडला असता तर तिकीट जवळ आलं असतं. मी देव-धर्म करणारी बाई नाही. घरात पूजा यजमान करतात, मी गॅस पाहते. तरी एका सकाळी कचेरीत जाताना नारळ घेतला, मोरीजवळ उतरले, मामाजींच्या दगडापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "देवा, देखाव्या, जे कोण असशील ते, तिथं बर्फ पडू देऊ नको."

त्या हिवाळ्यात बर्फ पडला नाही. सगळं श्रेय हवामानाला गेलं, नारळाचं मी कोणाला सांगितलं नाही.

जूनच्या शेवटी कमळं फुलली, ती पाहून पोरगी सुट्टीत घरी आली. पाऊस लांबलेल्या मारेगावच्या रणरणत्या उन्हात मामाजींनी तिला छत्री धरून मोरीवर नेलं. दगडाच्या मागच्या बाजूला तिनं काळ्या रंगानं चार चिनी अक्षरं काढली. तुटका पूल, उरलेला बर्फ. आणि त्यानं तर कहरच झाला. देवाच्या पाठीवर रातोरात कोणालाही न वाचता येणारा मंत्र उमटला, अशी बातमी शेजारच्या झरी जामणी तालुक्यापर्यंत गेली. लोक जीप करून यायला लागले. मामाजींनी समजावून सांगायचं सोडून दिलं. पोरगी परत निघाली तेव्हा स्टँडवर खूप रडली. मी म्हटलं, "नको जाऊस." हे माझ्याच तोंडून निघालं, माझा विश्वास बसला नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "एक राह्यला ना, मम्मी," आणि गाडीत बसली.

पावसाळा संपल्यावर खात्याची माणसं आली. देवाला येणाऱ्या गर्दीमुळं मोरीचा कठडा अखेर बांधला गेला. ठेकेदारानं दगडाला हात लावायची हिंमत केली नाही, कठडाच थोडा वळवून घेतला. मामाजी नव्या कठड्यावर हात फिरवत म्हणाले, "आता झाली खरी बरोबरी. आपली भी तुटकी नाही न् त्याहीची भी नाही."

आणि जानेवारीत, सकाळी मी डब्याला वांग्याची भाजी टाकत असताना, फोन वाजला. मामाजी मोरीवर फिरायला गेले होते, तर तिनं दोघांनाही एकदम जोडलं. मी तशीच, हाताला मसाला घेऊन, मोरीकडे निघाले. पोचले तर मामाजी कठड्यापाशी फोन वर धरून उभे. पडद्यावर पांढरंच पांढरं. पूल, झाडं, माणसांच्या टोप्या, तिच्या पापण्या. "आबाजी, पडला! पाहा!" आणि मामाजी फोन फिरवून तिला इकडचा कठडा दाखवत होते, त्यावर आदल्या रात्रीच्या गाड्यांतून उडालेला कापूस. "आमचा भी पाह्य."

दहा पुरे झाले. मामाजी शब्दाचे पक्के. त्यांनी घसा साफ केला.

"माय, दहा झाले. सांगू का तुह्या बापाले तिकिटाचं?"

तिकडे कोणीतरी तिला नावानं हाक मारली, तिनं मागे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं, ते दोघं हसले. मग ती फोनकडे वळली. "आबाजी, ते जुने दहा झाले. इथल्या लोकाहीनं मग नवीन दहा निवडले. त्याच्यानंतर अजून दहा. ते तं पाह्यलेच नाही. ठेवतो आता, सगळे थांबले हायेत."

आणि फोन बंद झाला.

मामाजींनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, नारळ आण!" मी मान हलवली. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. पोरगी राहणार होती, डॉक्टर होणार होती, लोकांना "या, बसा" म्हणणार होती. मी नव्या कठड्यावर बसले आणि मला रडू आवरेना. मामाजी घाबरून काय झालं, काय झालं विचारत राहिले. त्यांना काय सांगणार? वांग्याची भाजी केली होती. तिनं विचारलंच नाही.